क्राकेनची खूण

माझ्या वडिलांना माझ्यापेक्षा माझी भावजय जास्त आवडते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुणाजवळ बोलले तर लोक म्हणतात, "सासऱ्याचं नि सुनेचं एवढं पटतंय, नशीब समजा!" मी मान हलवते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे त्यांना कोण सांगणार?

बाबा चिंचवडच्या एका फोर्ज कारखान्यात हॅमरवर होते. भट्टीतून लालबुंद लोखंडाचा दांडा निघायचा, साच्यावर ठेवला जायचा आणि वरून कपाटाएवढा हॅमर त्याच्यावर येऊन आदळायचा. थोड्याच ठोक्यांत सरळ दांड्याचा वळणावळणांचा क्रँकशाफ्ट व्हायचा. इंजिनात पिस्टन बिचारे नुसते वरखाली होतात. त्या वरखालीचं गोल फिरणं करून चाकांपर्यंत पोचवतो तो हा वाकडातिकडा दांडा. शॉपमध्ये, म्हणजे त्यांच्या विभागात, सगळे त्याला नुसतं क्रँक म्हणत. बाबांनी जन्मभर क्रँक काढले. त्या आवाजात त्यांचे कान थोडे थोडे जात राहिले, आणि आम्ही घरातले मात्र "बाबा लक्षच देत नाहीत" म्हणून कुरकुरत बसलो.

मी लहान असताना बाबा पहिल्या शिफ्टहून आले की हातपाय धुऊन, चहाचा कप घेऊन दारात बसायचे आणि मला विचारायचे, "आज कुठला शब्द आणला?" शाळेतून रोज एक इंग्रजी शब्द आणून त्यांना द्यायचा, हा आमच्या दोघांतला रिवाज होता. मी कधी 'थंडर' आणायची, कधी 'आयलंड'. ते तो शब्द तोंडात दोन-तीनदा घोळवून बघायचे, अर्थ विचारायचे, आणि दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना ऐकवायचे. "माझ्या पोरीनं आणलाय." माझा भाऊ माझ्याहून धाकटा. त्याला त्यांनी असं काही विचारल्याचं मला आठवत नाही. त्याला सायकल मिळाली होती, मला हा प्रश्न. मी माझ्या वाट्यावर खूष होते.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला दिली नाही. हॅमर चालू असला की माणसाचं बोलणं माणसाला ऐकू जात नाही, म्हणून तिथले लोक हातांनी बोलायचे. हलका ठोका, जोराचा ठोका, थांब, साचा साफ कर, माल तापला, माल गार पडला, सगळ्याला खुणा होत्या. बाबांच्या जोडीदारांपैकी कुणी घरी आला की दोघं अंगणात उभे राहून हातांनी काहीबाही बोलायचे आणि खो खो हसायचे. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. एकदा मी हट्टच धरला, मलाही शिकवा म्हणून. बाबांनी माझे दोन्ही हात धरून खाली केले. "ह्ये कामावरचं हाय. तुला न्हाई लागणार. तू शब्द शीक."

मी शिकले. निगडीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. नवरा आयटीत आहे म्हणून मारुंजीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, आणि निगडीच्या घरी, म्हणजे बाबांकडे, रविवारी जाते. त्या घरात आता बाबा, भाऊ आणि भावजय. आई जाऊन काही वर्षं झाली. भाऊ चाकणला एका गाड्यांच्या कंपनीत आहे. सकाळी कंपनीची बस त्याला घेऊन जाते ती संध्याकाळी आणून सोडते, आणि चाकणच्या रस्त्यावर ट्रक अडले तर संध्याकाळ म्हणजे किती वाजता, ते कुणी सांगू शकत नाही. म्हणजे दिवसभर घरात दोघंच, बाबा आणि ती.

ती लातूरकडची. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं होतं, या आवाजाच्या घरात ही पोरगी कशी टिकणार, कारण बाबांशी आम्ही सगळे ओरडूनच बोलत होतो. ती ओरडण्याची पायरी चढलीच नाही. स्वयंपाकघरातून तिने एकदा बाबांना काही विचारलं असेल, आणि बाबांनी सवयीने हात वर करून 'थांब' केलं असेल. आम्ही घरच्यांनी तो हात शेकडो वेळा पाहिला होता. तिने विचारलं, "मामा, ह्ये काय करायलाव हातानं?" झालं. बाबांनी तिला बसवून शिकवलं.

माझ्या लक्षात आलं तोवर त्या दोघांनी अख्खं घर हॅमरच्या भाषेत बसवलं होतं. 'माल तापला' म्हणजे चहा उकळला. 'साचा बदला' म्हणजे टीव्हीचा चॅनल बदला. 'हलका ठोका' म्हणजे भाजीत तिखट कमी घाल. मी घरात शिरले की बाबा अंगठा आणि बोट जोडून त्याचा गोल डोळ्याला लावायचे आणि ती तोंडावर पदर धरून हसायची. बरेच दिवस मला वाटलं, माझ्या चष्म्याची थट्टा चाललीय. शेवटी भावाने सांगितलं, ती 'तपासणीवाला आला' याची खूण आहे. साहेब माल तपासायला शॉपमध्ये उतरला की सगळे एकमेकांना अशी खबर द्यायचे.

मी त्यावर हसले. चांगली मोठ्याने हसले. घरी मारुंजीला येताना स्कूटरवर माझा नुसता तिळपापड होत होता. थट्टा केल्याचं मला काही नव्हतं. ज्या भाषेत ती केली, ती मी मागितली होती आणि मला मिळाली नव्हती. माझे हात ज्यांनी धरून खाली केले त्यांनी हिचे हात धरून वर केले. आणि हिला तरी काय पडलं होतं? कान गेलेल्या म्हाताऱ्याला जेवायला बोलवायचं होतं, एवढंच!

मी माझ्या परीने लढले. कानाचं मशीन आणलं. बाबांनी ते दोन दिवस लावलं, म्हणाले कानात भुंगा शिरल्यासारखं होतं, आणि नेलकटरच्या डब्यात ठेवून दिलं. मी रोज व्हिडिओ कॉल करायला लागले, म्हणजे माझे ओठ तरी दिसतील. तर व्हायचं असं की मी पडद्यावर तोंड वेडंवाकडं करून एकेक शब्द बोलतेय आणि बाबांची नजर माझ्याकडे नाहीच. ती फोनच्या बाजूला, जिथे माझ्या भावजयीचा हात असणार तिथे. मी बोलायचं, तिने हलवायचं, बाबांनी तिच्याकडे बघून हसायचं. मला दिसायचा बाबांचा डावा गाल.

डॉक्टर म्हणाले होते, डावा कान गेल्यातच जमा आहे, उजव्यात थोडं उरलंय, तेही जाईल. आमच्या घरात हे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. त्यांचं काहीच अडणार नव्हतं. अडणार होतं ते माझं. त्या उजव्या कानात माझ्यासाठी जी फट उरली होती तेवढीच बाबांकडे जायची माझी वाट होती. ती बंद झाली की मी निगडीच्या घरातली रविवारची पाहुणी, जिला चहा मिळतो आणि जिच्यासाठी मध्ये दुभाषी बसतो. मला त्याआधी एकदा, निदान एकदा, माझे वडील माझ्याकडे वळलेले बघायचे होते.

अशात तो शब्द हाती आला. वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, क्राकेन म्हणजे काय?" मोबाइलवरच्या कुठल्याशा खेळात तो तिचं जहाज रोज गिळत होता म्हणे. मी सांगितलं, गोष्टीतला समुद्राचा राक्षस, पुष्कळ हातांचा, जहाजाला विळखा घालून तळाला नेतो. ती म्हणाली, "ते माहितेय. पण त्याला क्राकेनच का म्हणतात?" प्रश्न रास्त होता आणि उत्तर मला येत नव्हतं. माझ्यासारखीला एवढं पुरतं. त्या दिवशी पेपर तपासायचे सोडून मी कोश उघडून बसले.

शब्द नॉर्वेचा. तिकडच्या बोलीत 'क्राके' म्हणजे वाकडं, खुरटलेलं झाड. फांद्या छाटून त्यांचे खुंट तेवढे ठेवलेला बुंधाही क्राकेच; तो नांगरासारखा पाण्यात सोडत. वाढ खुंटलेल्या, वेड्यावाकड्या जनावरालाही तोच शब्द. शेवटचा 'न' तर मुळात नावाचा भागच नाही. 'तो, आपल्याला ठाऊक असलेला', एवढं दाखवायला तिकडे शब्दाच्या शेपटीला तो जोडतात. म्हणजे क्राकेनचा अर्थ, 'तो वाकडा'. इंग्रजांनी तो शेपटीसकट उचलला आणि त्यांच्याकडे ते राक्षसाचं भारदस्त नाव होऊन बसलं. काही जाणकारांना वाटतं, कोळ्यांना त्या प्राण्याचं खरं नाव समुद्रावर घ्यायची भीती वाटत असावी, म्हणून ते नुसतं 'तो वाकडा' म्हणत. आपल्याकडे अंधार पडला की सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात, त्यातला प्रकार. खात्री कुणालाच नाही. पण एवढा मोठा बागुलबुवा आणि नाव काय, तर वाकड्या! मला एकटीला हसू आलं.

आणि मग पुढच्या ओळीत बाबा भेटले. वाकणं, पिळणं, वळणं, आकडा अशा अर्थाच्या शब्दांचं एक जुनं कुळ त्या उत्तरेकडच्या भाषांमध्ये आहे. इंग्रजीतला 'क्रुक' त्यातला. 'क्रँक' त्यातला. क्राके हा त्यांचाच भाऊबंद, असं कोशात लिहिलेलं. नातं सख्खं की चुलत, यावर कोशवाल्यांचं एकमत नव्हतं, आणि मला त्याच्याशी कर्तव्यही नव्हतं. माझे वडील जन्मभर ज्याच्यापुढे उभे राहिले, घाम गाळला, कान घालवले, त्या दांड्याचं नाव आणि समुद्राच्या राक्षसाचं नाव एका घरातलं निघालं होतं! असा शब्द मी त्यांना लहानपणी कधी दिला नव्हता. आणि हा माझ्या भावजयीला सात जन्मांत सापडला नसता. हेही माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू?

रविवारी मी तो घेऊन निगडीला गेले. बाबा गॅलरीत बसले होते. मी त्यांच्या उजव्या कानापाशी खुर्ची ओढली आणि सुरू केलं. "बाबा! क्राकेन!" ते म्हणाले, "कोण आलं?" मी पुन्हा ओरडले. समुद्र म्हणून ओरडले, राक्षस म्हणून ओरडले, क्रँक म्हणून ओरडले. बाबा भुवया चढवून, मान पुढे करून ऐकायचा प्रयत्न करत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते कसनुसं हसू आलं जे ऐकू न आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येतं. खालच्या मजल्यावरच्या बाई बाहेर येऊन वर बघायला लागल्या.

भावजय पदराला हात पुसत आली. "ताई, तुमचा आवाज पार त्या टोकाच्या बिल्डिंगीपस्तोर गेला, मामापाशी तेवढा न्हाई आला. काय सांगायचंय? मला सांगा."

मी सांगितलं. दुसरा मार्गच नव्हता. तिने नीट ऐकून घेतलं, एकदा विचारून खात्री केली, आणि बाबांसमोर उभी राहिली. हात कोपरात वाकवून मनगट मुरडलं, ती क्रँकची खूण. मग हवेत पाणी केलं, पाण्यात काहीतरी मोठं केलं, ते वाकडं केलं, पुन्हा क्रँक दाखवला, आणि दोन्ही तर्जन्या एकमेकींजवळ आणून जोडल्या, म्हणजे हे दोघे भाऊ. बाबा क्षणभर तिच्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. "आयला! क्रँकचा भाऊ समुद्रात? लय भारी! कुठनं काढलंस गं ह्ये?"

हे त्यांनी तिला विचारलं.

ती लगेच माझ्याकडे बोट दाखवत होती, हे मी पाहिलं. बाबांनीही पाहिलं असेल. पण तोवर त्यांचं कौतुक जिथे पडायचं तिथे पडून गेलं होतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि विनाकारण पाणी प्यायले. ती मागोमाग आली तेव्हा मी म्हणाले, "प्रत्येक गोष्ट तूच सांगायची का? माझे वडील आहेत ते."

ती रागावली नाही, ती रागावली असती तर बरं झालं असतं. कढईखालचा गॅस बारीक करत म्हणाली, "मग सांगा की तुम्ही. हात तर हायेत तुमाला."

"मला शिकवलं नाही त्यांनी."

"मी शिकवते."

"नको," मी म्हणाले. तिच्याकडून शिकून बाबांशी बोलायचं म्हणजे आपल्याच घरात दुसऱ्याच्या किल्लीने शिरायचं. शिवाय बाबांचा एक जुना नियम होता, तोही तिनेच मला ऐकवला. हॅमरवर एकाच माणसाची खूण चालते. दोघांनी खुणा केल्या तर हॅमर चालवणारा गोंधळतो आणि कुणाचा तरी हात जातो. म्हणून बाबा एका वेळी एकाच्याच हाताकडे बघतात, दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. घरात तो एक हात कुणाचा, हे ठरून गेलेलं होतं.

तरी मी शिकले, चोरून. व्हिडिओ कॉल चालू असताना मी बोलणं कमी केलं आणि बाबांचे हात बघायला लागले. तिचे हात पडद्याबाहेर असायचे, पण बाबा उत्तर देताना जे करत ते दिसायचं. मग बाथरूमच्या आरशासमोर उभी राहून मी ते करून बघायची. माल तापला. थांब. क्रँक. नवऱ्याने एकदा दार वाजवून विचारलं, बरी आहेस ना? मी म्हटलं, व्यायाम करतेय. जेमतेम मूठभर खुणा आल्या असतील, पण मला वाटायला लागलं होतं की आता आपण बोलू शकतो. इंग्रजी शिकणारी पोरं मूठभर शब्दांवर अशीच उडतात, आणि मी त्यांना रोज रागावते.

हॅमरवाल्यांचं एक जेवण असतं. निवृत्त झालेले सगळे जोडीदार दर थंडीत एका रविवारी कुणा एकाच्या घरी जमतात. या वर्षी आमची पाळी होती. बाबा आठवडाभर आधीपासून उत्साहात होते. गच्चीवर सतरंज्या घातल्या, मटणाचं पातेलं खालून वर नेताना भावाची कंबर धरली. म्हातारे एकेक करून जिना चढून आले. आमची बुद्धवंदना झाली, त्यांच्यातल्या माळकऱ्यांनी हात जोडले, वेगळी डाळ-वांगी त्यांच्यासाठी केलेलीच होती. आणि मग गप्पा सुरू झाल्या.

त्या गप्पा ज्याने पाहिल्या नाहीत त्याला सांगून कळणार नाही. आवाज म्हणून नाही. पानावर वाढल्याचा, भाकरी मोडल्याचा, कुणी खाकरल्याचा, एवढाच. बाकी सगळे हात. या टोकाचा त्या टोकाच्याला काहीतरी म्हणतोय, मधला त्यावर चिडतोय, तिसरा हसून हसून ठसकतोय. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये भाकऱ्यांची टोपली काखोटीला मारून माझी भावजय, मोकळ्या हाताने प्रत्येकाला उत्तर देत फिरत होती. एका आजोबांनी बाबांना काहीतरी खूण केली. बाबांनी तिच्याकडे बघून छाती फुगवली. ते मला कुणी उलगडून सांगायची गरज नव्हती. "माझी सून" एवढंच ते होतं. कॅन्टीनमध्ये "माझ्या पोरीनं आणलाय" म्हणताना त्यांची छाती अशीच फुगत असणार.

मला ते सोसवेना. मत्सराला कडू म्हणतात, मला तो गरम लागला, कानाच्या पाळ्यांपर्यंत. मी हातातलं वाढण खाली ठेवलं आणि सतरंज्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिले. सगळ्यांनी वर बघितलं. बाबांनीही बघितलं. भावजय टोपली घेऊन जिन्याकडे गेली होती. त्या एका वेळेला बाबांच्या समोर एकच हात होता, आणि तो माझा होता.

मी क्रँक केला. छान जमला. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, एकाने "वा" केलं. मग मी लाटा केल्या. त्या त्यांना कळल्या असाव्यात. बाबांच्या डोळ्यांत ओळख दिसली, क्रँकचा भाऊ, हां, आठवलं. ते हसायला लागले, माझ्याकडे बघून. आता फक्त क्राकेन राहिला होता, आणि त्याला खूण नव्हती. ती मी मारुंजीच्या आरशासमोर स्वतः तयार केली होती. मी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, मनगटं एकमेकांवर आडवी टाकली, दहाही बोटं फाकवली आणि जहाज तळाला ओढून न्यावं तसे हात झटकन खाली ओढले.

सगळे म्हातारे एकदम उभे राहिले.

ताटं उलटली. रस्सा सतरंजीवर गेला. एका आजोबांचा हात कठड्याच्या भिंतीवर जाऊन जोरात आपटला, जिथे बटण असायला हवं होतं तिथे. कुणाचं तोंड पांढरं पडलं, कुणी माझ्या मागे, माझ्या पायांपाशी काहीतरी शोधायला लागलं. जिन्यातून भावजय पळत आली, टोपली तिने कुठे टाकली कोण जाणे, आणि तिने माझा दंड धरला. तोवर बाबा माझ्यापाशी पोचले होते. त्यांचे गुडघे गेलेत. खालून गच्चीवर यायला त्यांना दोनदा बसावं लागतं. ते पंगत तुडवत आले. त्यांनी सुनेचा हात माझ्या दंडावरून बाजूला केला आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"कुठं लागलं?" ते म्हणाले. मोठ्याने, घोगऱ्या आवाजात. त्यांचा तो आवाज मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. "कुठं? दाव. दाव मला."

ते माझं एकेक बोट धरून सरळ करत होते, पेर दाबून बघत होते, पुढच्या बोटावर जात होते. डाव्या हाताचं झालं की उजवा. मग पुन्हा डावा.

"ताई," भावजय माझ्या कानाशी धापा टाकत म्हणाली, "ती खूण माणूस सापडल्याची हाय. हॅमरखाली. ती झाली की हॅमर जाग्यावर थांबवायचा आन् पळायचं." बाकी खुणा एकाच्याच चालतात, पण ती कुणीही केली तरी चालते, हेही तिने सांगितलं. झाडूवाल्याने केली तरी. ती कुणी खोटी करत नाही, म्हणून कुणी विचारत बसत नाही.

म्हातारे आता एकमेकांकडे बघत होते. त्यांना काय झालं ते उमगायला लागलं होतं आणि एक-दोघं खाली बसून ताटं गोळा करत होते. बाबांना मात्र कळलं नव्हतं. भावजयीने त्यांच्या बाजूला जाऊन हात हलवला. त्यांनी पाहिलं नाही. तिने समोर येऊन, त्यांच्या तोंडासमोर हात हलवला. त्यांनी मान बाजूला काढली आणि माझ्या करंगळीचं पेर दाबलं. "हितं दुखतंय?"

"मामा माझ्याकडं बघंनात," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते घाबरल्याचं होतं की आणखी कशाचं, ते मला कळलं नाही, आणि मी बघतही बसले नाही. "तुम्हीच सांगा त्यांना ताई. काही झालं न्हाई म्हणून सांगा. अशी खूण हाय बघा."

तिने मला करून दाखवली. तळहात आडवा धरून छातीसमोरून बाहेर पुसून टाकल्यासारखा न्यायचा. अगदी सोपी होती. एका हाताने होणारी होती, आणि बाबा उजव्या हातावर आले होते तेव्हा माझा डावा हात मोकळा होता.

मी ती नीट पाहिली, मला ती समजली, आणि तरी मी तो हात इतक्यात उचलला नाही.